धुपकरांच्या पडद्यावरचं ठिगळ

डोळा लागतोय हे मला कळतंय, आणि लागू नये असंही वाटतंय. दुपारचं जेवण अंगावर आलंय, थिएटरात पंखा नाही, आणि मी अनंतराव धुपकरांच्या टांगलेल्या पडद्यामागे फरशीवर बसलेय. शंभरेक वर्षांपूर्वी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा हा माणूस. असले जुने पडदे दुरुस्त करण्यावर माझं पोट चालतं. या पडद्यावर राजवाडा आहे, आणि राजवाड्याच्या एका खिडकीत जाड कापड कापून मलमलीचा तुकडा शिवलाय. धुपकर विडी ओढता ओढता झोपले, पडद्याला भोक पडलं, आणि हाताला लागलं ते फडकं लावून मोकळे झाले, हा किस्सा आमच्या गावात पोराटोरांना पाठ आहे. नाव काढलं की लोक आधी हसतात. आमच्या नाट्यमंडळाचे सेक्रेटरी हर्डीकर यांना उद्याच्या प्रदर्शनाआधी ते ठिगळ काढून नवं जाड कापड हवंय. मलमल इतकी जीर्ण आहे की उसवली की तिचा भुगाच होणार. होऊ दे मेलीचा, असं पुटपुटत मी घटकाभर डोकं पडद्याला टेकते.

"जपून हं, रंग ओला आहे," कुणीतरी म्हणतं.

राजवाड्याच्या पायऱ्यांवर एक माणूस उकिडवा बसलाय. धोतरावर निळेपिवळे फराटे. ब्रश धोतरालाच पुसायची धुपकरांची खोड होती, म्हणजे हे तेच. मला जराही नवल वाटत नाही.

"अहो, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. पण काम राहिलंय. ते टोक धरा जरा."

मी पडद्याचं टोक धरते. ते पिळायच्या धुण्यासारखं जड लागतं, आणि आम्ही नदीच्या घाटावर उभे आहोत. घाट रंगवलेला आहे, पाणी मात्र पायाला गार लागतंय.

"मांजराची गोष्ट खरी का हो? तुमची कबुतरं खरी समजून मांजरानं पडद्यावर झेप घेतली ती?"

"छे! मांजर उंदरामागे होतं. मी लोकांना कबुतरं सांगितली. धंदा करायचा होता, बाई!" ते खो खो हसतात.

"आणि विडीची?"

त्यांचं हसू मावळतं. "विडी मी जन्मात ओढली नाही. दम्यानं बेजार होतो मी."

"मग भोक कसं पडलं?"

"पडलं नाही. कात्रीनं कापलं. चला, दाखवतो. पण हळू बोला, आत आक्का बसलीय."

घाटाची पायरी उतरतो तर स्वयंपाकघर. चूल पेटलेली, तव्यावर भाकरी, पण समोरची भिंत कापडाची आहे आणि हलतेय. तिच्यापाशी एक ठेंगणी बाई बसलीय. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. तिनं कपाळ मलमलीला टेकवलंय. पलीकडे दिव्यांचा झगझगाट आहे, कुणी पद गातंय, तबला वाजतोय.

"माझी थोरली बहीण," धुपकर कुजबुजतात. "काही कळायच्या आत विधवा झाली. तिला नाटकाला कोण जाऊ देणार? मी घरी पदं गुणगुणायचो, ती भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा म्हणाली, 'अन्या, तुझा राजवाडा दिसतो तरी कसा रे?'"

"म्हणून मलमल?"

"उजेड त्या बाजूला, अंधार या बाजूला. तिला सगळं दिसतं, ती कुणाला दिसत नाही. मागच्या दारानं आणायचो तिला."

"मग सांगायचं नाही का कुणाला? लोक अजून हसतात तुम्हाला!" मला राग येतो, आणि रडूही.

"कंपनीच्या मालकांनी विचारलं तेव्हा विडी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर घरच्यांनी तिला दारात उभं केलं नसतं. हसणारे हसले, पण मागे डोकावायला कुणी आलं नाही. बरंच झालं."

"ते ठिगळ मी आज काढतेय, धुपकर."

"ठाऊक आहे. म्हणून तर आलो." ते हात जोडतात. "माझं हसं होतंय ते होऊ दे. तिची बसायची जागा तेवढी मोडू नका."

आक्का मागे वळून बघत नाही. नुसता हात हलवून आम्हाला खूण करते, गप्प बसा, ऐकू द्या.

फोन वाजतोय. मी जागी होते तेव्हा माझं कपाळ मलमलीला चिकटलेलं आहे. कपाळ सोडवून बघते. तिथे माझ्या घामाचा ओला गोल उमटलाय. त्याच्या खाली, दोन बोटांवर, दुसरा गोल आहे. जुना, तपकिरी, कडक झालेला, कपाळाएवढाच. एका दिवसात असा डाग पडत नाही. मी त्यावर बोट ठेवते आणि बराच वेळ उचलत नाही.

फोन पुन्हा वाजतो. हर्डीकर.

"निघालं का ठिगळ?"

"नाही. आणि निघणारही नाही."

"अहो बाई, उद्या लोक येणार! त्यांना काय सांगायचं?"

"काही सांगू नका," मी म्हणते. "एकेकाला मागे आणा आणि खाली बसवा."