बातमी आधी, पाहुणे नंतर

आमच्या मुक्ताचं लग्न दुपारी बारा वाजता ठरलं आणि मुलाकडची मंडळी आमच्या घरी चार वाजता पोचली.

याला कारण 'कॉपी'. मी तीस वर्षं दिंडोरीहून नाशिकच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. त्या काळी आमच्या धंद्यात या एका इंग्रजी शब्दावर सगळा कारभार चालायचा. संपादक म्हणाले 'कॉपी पाठव', की बातमी लिहायची. 'कॉपी ठेवलीस का?' म्हणजे कार्बनखालचा कागद. 'कॉप्या किती वाढवू?' म्हणजे गावात अंक किती खपतील. 'यात कॉपी नाही' म्हणजे छापण्यासारखं काही घडलेलंच नाही (दिंडोरीत हे आठवड्यातून सहा दिवस खरं असे). आणि सगळ्यांत कामाची ॲडव्हान्स कॉपी! बातम्यांचं पाकीट दुपारच्या एसटीने जायचं आणि सत्कार, उद्घाटनं व्हायची संध्याकाळी. मग काय करणार? 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' हे मी जेवायच्या आधीच लिहून टाकायचो. प्रमुख पाहुणे आलेच नाहीत, तर ऑफिसला फोन करायचा. बहुतेक वेळा येत.

गेल्या वर्षी मुक्ताला पाहायला चांदवडची मंडळी येणार होती. मुक्ताला मुलगा मनापासून आवडला होता, दोघं दोनदा भेटलेही होते. घोडं अडलं होतं मुलाच्या आईपाशी. त्यांनी आधी तीन मुली नाकारल्या होत्या. त्यामुळे आमच्या हिने सकाळीच बजावलं, "अहो, आज तुम्ही फक्त गप्प बसा."

बसलो. लिहीत बसलो. माझा चुलतभाऊ विलास समाजाचं मासिक काढतो आणि त्याचं शेवटचं पान त्याच दिवशी छपाईसाठी बंद होणार होतं. हात शिवशिवले. मुलगी पसंत, मुलीचाही होकार, मुलाच्या मातोश्री गहिवरल्या, पोह्यांचं सर्वांनी कौतुक केलं, मुलीच्या वडिलांनी समयोचित विचार मांडले, असं सगळं लिहून विलासला मोबाइलवर धाडलं. खाली लिहिलं, 'ॲडव्हान्स कॉपी. सांगेपर्यंत सोडू नकोस.'

विलास संपादक झाला असला, तरी आधी तो द्राक्षांवर फवारायची औषधं विकायचा. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची त्याला सवय नाही. त्याने वर फुलांचा गुच्छ डकवला आणि बातमी समाजाच्या ग्रुपवर टाकली. चांदवडच्या मंडळींनी ती पिंपळगावच्या टोलनाक्यावर गाडीत वाचली.

मुलाच्या आईने चपला काढता काढताच मोबाइल माझ्यापुढे धरला. "मी गहिवरले म्हणं. कधी?"

"ताई, ते जरा आधी लिहिलंय."

"किती आधी?"

"साधारण चार तास."

हिने हातातला ट्रे टेबलावर ठेवला. त्यात उपमा होता.

"पोहे कुठं हायेत?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. "वाचूनच लय भूक लागली होती."

"तुम्हाला खायचं सुचतंय?" त्या कडाडल्या. "मी अजून पोरीला पाह्यलं नाय, अन् हे माझा होकार वाटून मोकळे. चला, उठा."

मुलगा मान खाली घालून फरशी बघत होता. माझी कुठलीही बातमी आजवर इतक्या बारकाईने कुणी वाचली नव्हती, आणि वाचली ती नेमकी पोरीच्या मुळावर आली होती.

तेवढ्यात मुक्ता स्वतःच बाहेर आली. "काकू, बाबांनी मलाही विचारलं नव्हतं. माझाही होकार त्यांनी परस्परच लिहिलाय."

त्या दारातच थांबल्या. "मंग तुझा होकार नाय?"

"आहे. पण तो माझा मी सांगणार होते."

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग परत आल्या, सोफ्यावर बसल्या आणि तिला हाताला धरून शेजारी बसवलं. "असं हाय व्हय? मंग माझाबी मीच सांगते. मला पोरगी पसंत हाय."

हिने पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. व्याह्यांनी उपम्याची दुसरी बशी मागितली. एवढ्यात विलासचा फोन आला. त्याला एव्हाना अर्ध्या समाजाने झापलं होतं. "आप्पा, पान अजून बंद केलेलं नाही. आता घडलेली बातमी दे."

मी कागद घेतला, पेन उघडलं आणि दहा मिनिटं तसाच बसून राहिलो.

"अहो, लिहा की," ही म्हणाली. "सगळं डोळ्यांदेखत तर घडलं."

तीच तर पंचाईत होती. डोळ्यांदेखत घडलेल्या कार्यक्रमाची बातमी मी तीस वर्षांत कधी लिहिलीच नव्हती.