विहीणबाई आणि घासलेला प्लग

माझी विहीण लोखंड कापते. ओळख करून देताना मी हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे प्रश्न वाचतात. साठी उलटलेली बाई, डोळ्यांवर काळा गॉगल, साडीवर दिराचा जुना शर्ट. खाली फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, वर घर. बाळाला सांभाळायला म्हणून मी लेकीकडे राहायला गेले आणि दिवसभर खालीच बसू लागले. वर दुपट्यांपलीकडे विषय जात नव्हता.

तेव्हाच नवा प्लाझ्मा कटर आला. विजेच्या ठिणगीने हवा अशी तापवतो की जाड पत्रा कागदासारखा कापला जातो. एका दवाखान्याच्या जिन्याला नक्षीचे पत्रे हवे होते. कंत्राटदार संध्याकाळी नमुना बघून काम देणार होता. एवढं मोठं काम विहीणबाईंच्या दारात पहिल्यांदाच येत होतं.

आणि प्लग भिंतीत जाईना. मशीनची भूक बत्तीस अँपिअरची, भिंतीतला सॉकेट सोळाचा. प्लगची एक पिन मुद्दामच जाड केलेली, लहान सॉकेटात शिरू नये म्हणून.

"वहिनी, एकच पिन अडतेय," त्यांचे दीर, म्हणजे आम्हा सगळ्यांचे भावोजी, म्हणाले.

"हात लावू नका. मी मीटरकडची वायर बघून येते."

त्या बाहेर पडल्या आणि भावोजींनी ग्राइंडर सुरू केला. लोखंडवाल्यांची ही खोडच. बसत नाही असं काही दिसलं की घासायचं! दार घासतात, बिजागरी घासतात, मग पिनेने काय घोडं मारलंय?

विहीणबाई परतल्या तेव्हा प्लग भिंतीत होता आणि भावोजींचा हात बटणावर.

"बसला बघा! लोण्यात सुरी जावी तसा."

विहीणबाईंनी प्लग उपसून काढला. "तोंड लहान केलं म्हणून मशीन कमी जेवणार आहे का, भावोजी? आतली वायर बुटाच्या नाडीएवढी आहे, तापून पेटेल."

"अहो, तासाभराचं तर काम!"

"ती वायर या छतातून जाते. वर बाळाचा पाळणा आहे."

विहीणबाईंनी केबल कापून प्लग भंगाराच्या डब्यात टाकला. "आता कुणाला मोह नको. मलासुद्धा."

मला राहवेना. "विहीणबाई, अहो, आणि नमुना?"

"करवत आहे की."

दोघं वहिनी-दीर पत्र्याला भिडले. भावोजी फुगलेले, पण पत्रा घट्ट धरून होते. कंत्राटदार आला तेव्हा पानांची वेल जेमतेम अर्धी उतरली होती. त्याने कडांवरून बोट फिरवलं. "हात छान आहे. पण नवं मशीन आलंय ना?"

"त्याला प्लग नाही."

"का?"

भावोजींना एकाएकी छत फार आवडायला लागलं.

"चुकीचा झाला, कापला," विहीणबाई म्हणाल्या. कोणी बिघडवला, ते सांगितलं नाही. "जाड वायर, बत्तीसचा सॉकेट, वेगळा ट्रिप स्विच. हे बसेपर्यंत मशीन चालणार नाही. थांबलात तर करीन."

"दुसरा एक वर्कशॉपवाला उद्याच सुरू करतोय."

"मग त्याला द्या."

दिलं त्याने. मी चिडून वर गेले, बाळाला उचललं आणि पाळण्याखालच्या फरशीकडे बघितल्यावर माझी चिडचिड आपोआप विरघळली. काम गेल्याचं वाईट मात्र वाटलंच. त्यांनाही वाटलं असणार. रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं होतं.

वायर, सॉकेट, प्लग भावोजींनीच आणले, न सांगता. मीटरपासून नवी वायर बाहेरच्या भिंतीवरून ओढली. मशीन पहिल्यांदा गुरगुरलं ते कुणाच्यातरी कुंपणाच्या फाटकासाठी. थोडं चालवून विहीणबाईंनी ते बंद केलं.

"भावोजी, प्लगला हात लावा."

त्यांनी लावला. बराच वेळ ठेवला.

"गार आहे, वहिनी."

विहीणबाईंनी डोळ्यांवरचा काळा गॉगल काढून त्यांच्या हातात दिला. "मग बघत काय बसलात? कापा."