लायसन पाहिजे? आधी तक्ता वाचा!

अहो, आमच्या दवाखान्यात एक तरी भानगड झाल्याशिवाय संध्याकाळी दार लागायचंच नाही! सत्तर सालाच्या पुढची चार-पाच वर्षं. सोलापुरात मी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो आणि लायसनच्या मेडिकलसाठी निम्म्या जिल्ह्याचे ड्रायव्हर आमच्याकडे! भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मी एकेका अक्षरावर छडी ठेवायची, ड्रायव्हरने लांबून वाचायचं आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीतून डॉक्टरांनी "बरोबर!" नाहीतर "चूक!" ओरडायचं.

डॉक्टर भलते कडक! स्वतःची फियाट स्वतः चालवायचे. फाटकाचा खांब त्या गाडीने दोनदा पाडला, पण खांबच म्हणे चुकीच्या जागी होता.

*

बाहेर बाकावर बसलेले ड्रायव्हर आतलं ऐकून तक्ता पाठ करायचे. एकदा मी तक्ता पुसायला खाली काढलेला. बार्शीचा एक गडी आला, बसला आणि कोऱ्या भिंतीकडे बघत धडाधडा सगळं म्हणून मोकळा! वर विचारतो, "अजून खालचं वाचू का?"

डॉक्टर असे भडकले! मला म्हणाले, "आजपासून तक्ता बदलत जा. आणि कुणाला सांगायचं नाही. कुणाला म्हणजे कुणालाच!"

*

रंगांची पण तपासणी असायची. डॉक्टरांनी एका टेम्पोवाल्यापुढे दिवा लावला. "रंग कुठला?"

"वरचा हाय का खालचा, तेवढं सांगा की!"

"ते कशाला?"

"पुण्याच्या सिग्नलला तांबडा वर असतोय न्हवं!"

*

मोहोळकडचे एक मामा बायकोला घेऊन आले. कान तपासायला डॉक्टर त्यांच्या मागे उभे राहून कुजबुजले, "नाव काय?" मामा ढिम्म. "गाव कुठलं?" मामा दगड!

मामी म्हणाली, "कानं लई चांगली हायती, डॉक्टर. बगा आता." आणि ओठसुद्धा न हलवता पुटपुटली, "भजी करू का?"

मामा गर्रकन वळले. "मिरचीची कर!"

*

पण रसूलचाचांची गोष्ट न्यारीच! हयात ट्रकवर गेलेली. पोराची बारात परवा अक्कलकोटला निघायची होती आणि ट्रक आपणच चालवणार म्हणून हट्ट. डॉक्टरांनाही आमंत्रण होतं. पण लायसन संपलेलं, आणि मागच्या खेपेला डॉक्टरांनी नापास करून चष्मा घ्यायला लावलेला. चष्मेवाला ड्रायव्हर म्हणजे लोक हसायचे हो! तरी बिचारे नवाकोरा चष्मा लावून आले.

मी छडी ठेवली. चाचा म्हणाले, "ट."

"चूक!"

"मग म."

"चूक!"

खालच्या ओळीपर्यंत चूक, चूक, चूक! चाचांचा चेहरा एवढासा झाला.

"साब, अल्ला कसम, ट-च दिसतोय. माज्या पोराची बारात हाय, साब!"

"बारात असो नाहीतर काही असो! तिथं ग आहे!" डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू सांग रे, छडी कशावर होती?"

"ट-वर, डॉक्टर. नवा तक्ता आजच आला, सकाळीच बदललाय. तुम्हीच म्हणाला होतात, कुणालाच सांगायचं नाही."

डॉक्टर उठले. तक्त्याला नाक लागेपर्यंत पुढे गेले, तेव्हा कुठं त्यांना ट दिसला. मग खुर्चीत येऊन गुपचूप सही केली.

चाचांनी सर्टिफिकेट खिशात घातलं. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"साब, शादी को फियाट नक्को. मैं ट्रक लेके आतूं. मेरे बाजू में बैठो."