पांढऱ्या भागावरचे तेल

माझे स्नेही गजाभाऊ गेल्याचे कार्ड चुकीच्या पत्त्यामुळे फिरत फिरत डोंबिवलीला माझ्या हाती पडले ते दहा दिवसांनी. तेराव्याला ठाण्याला पोहोचलो, तेव्हा नौपाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत माणसे मावत नव्हती. फोटोला हार, खाली चौरंग, आणि चौरंगावर तो दगड, आरशासारखा चकाकत होता. थोरले बंधू नाना आल्यागेल्याला सांगत होते, "माझा भाऊ तपस्वी होता हो! दगडाचं सोनं केलं त्याने." याच नानांनी दहा वर्षे चारचौघांत "आमचा पाथरवट" म्हणून त्यांची टर उडवली होती. मी वाकून फोटोला नमस्कार केला आणि नाकाला खोबरेलाचा वास आला. दगडाला तेल चोपडले होते. मला अक्षरशः शिसारी आली. मी चहाही न घेता गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

वाचकांना वाटेल, दगडाला बोटभर तेल लागले तर एवढे काय बिघडले! ते सांगायचे तर गजाभाऊंचा नाद सांगायला हवा. ते कोलशेतकडच्या एका मिठागराच्या कचेरीत कारकून. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षे झाली असतील, एका रविवारी मुंब्र्याच्या डोंगरातल्या खाणीतून त्यांनी हा दगड पिशवीत घालून आणला. नारळाएवढा, काळा पाषाण, त्याच्या पोटात हिरवट गारगोटी आणि तिला खेटून दुधासारखा पांढरा थर. गारगोटीवर पोलादाचाही ओरखडा उठत नाही. पांढरे मात्र चाकूच्या टोकानेही खरवडले जाते. गंमत म्हणून दगड घासणारे आणखी दोघे ठाण्यात होते, ते असल्या दगडाच्या वाटेला जात नसत. कारण घासायला घ्यावे तर मऊ भाग भराभर झिजून खाली बसतो, कठीण भाग तसाच वर राहतो आणि दोघांच्या मध्ये पायरी पडते. मग कितीही झिलई करा, मऊ भागावर मळभच राहते. व्यापारी अशा वेळी सरळ तेल नाहीतर मेण चोळतात आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात. गजाभाऊ त्याला 'चोरटी झिलई' म्हणत, आणि म्हणताना तोंड असे करत की जणू ताटात झुरळ निघाले आहे.

ते कचेरीतून आले की बाल्कनीत पाट मांडून बसत. आधी नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडावर, प्रयोग केले. नमदा मऊ, तो खळग्यात शिरून पांढरे आणखी उकरू लागला. तीन वेळा सगळा पृष्ठभाग पुन्हा सपाट करावा लागला. शेवटी शिसवी फळीवर जुन्या वहाणेचे चामडे ओले करून ताणून ठोकले आणि त्यावर कुरुंदाची अगदी मैद्यासारखी पूड घेऊन ते घासू लागले. मी शेजारी बसून उगाच सल्ले देई. "अरे मास्तर, जोर लावायचा नाही रे. हात हलका," ते म्हणत. दर पाच मिनिटांनी सांध्यावरून अंगठ्याचे नख फिरवून बघत... नख अडले की पुन्हा सुरुवात.

तीन वर्षे झाली, काम निम्म्यावर आले, आणि मी माती खाल्ली. डोंबिवलीच्या आमच्या गणेशोत्सवात हस्तकलेचे प्रदर्शन होते. मीच त्यांच्या मागे लागून दगड ठेवायला कबूल करून घेतले. सकाळी न्यायला गेलो तेव्हा ते कचेरीत गेलेले. पांढरा भाग निस्तेज दिसत होता. मी सुशीलावहिनींकडे खोबरेलाची बाटली मागितली आणि फडक्याने सगळ्या दगडावर हात फिरवला. पहिले बक्षीस मिळाले, एक पितळी पेला! संध्याकाळी गजाभाऊ आले. दगडावर बोट फिरवले, बोट नाकाशी नेले. पेला त्यांनी तिथल्या तिथे परत केला आणि मला एवढेच म्हणाले, "मास्तर, तू माझी तीन वर्षं पुसलीस." मऊ थरात तेल मुरले होते, पांढऱ्याचे पिवळे झाले होते. तो सगळा थर त्यांनी पुन्हा घासून काढला. सहा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. पण घरी माझ्याबद्दल एक अवाक्षर काढले नाही, हे मला पुढे कळले... फार उशिरा कळले.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. ते अंथरुणाला खिळलेले, दगड उशाशी. नख आता कुठेही अडत नव्हते. पांढऱ्याच्या कडेला नखाएवढी जागा तेवढी अंधूक राहिली होती. "राहू दे ती तशीच," ते म्हणाले, "पण कुणी तेल लावायचं नाही हां. तू बघशील ना?" मी हो म्हणालो होतो.

म्हणून तेराव्याला गॅलरीत माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आतल्या भाषणांचाही वीट आला होता, एकूण एक तुळतुळीत. हे काम नानांचेच, अशी माझी खात्री. माणसे पांगल्यावर मी त्यांच्यावर तोंड टाकणार, तोच वहिनी दगड पदरात घेऊन आल्या.

"भाऊजी, हा तुम्हाला द्यायला सांगितलेलं त्यांनी. बघा, छान दिसतोय ना? ती कड मळकट दिसत होती. एवढी माणसं येणार, त्यांच्या कष्टाला कुणी नाव ठेवायला नको म्हणून मीच तेल लावलं."

मी कसाबसा म्हणालो, "वहिनी, तेल...?"

"तुम्हीच नव्हतं का लावलेलं तेव्हा?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडनं बाटली घेऊन. पहिला नंबर आलेला ना!"

नानांवरचा राग कुठच्या कुठे गेला आणि मला माझीच किळस आली. तरी मी म्हणालो, "छान दिसतोय, वहिनी." दुसरे काय म्हणणार होतो!

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. शिसवी फळीही वहिनींनी दिली आहे, पण माझा हात हलका नाही, म्हणून मी अजून घासायला धजलेलो नाही. रोज संध्याकाळी दगड टीपकागदावर पालथा घालून ठेवतो, आणि सकाळी उचलून बघतो. कागदावर अजून डाग असतो.