बिल्किसताईंचा फोटो

बिल्किस मुलाणी यांचा धड फोटो आजवर कुणाला काढता आलेला नाही. निकाहाच्या फोटोत डोळे मिटलेले, आधार कार्डावर तोंड उघडं, आणि नोकरीच्या मेडिकल कॉलेजच्या ओळखपत्रावर तर असा चेहरा की दत्तोबा शिपाई दर दोन दिवसांनी म्हणायचा, "ताई, ह्यो फोटो बघून तुमाला गेटवर अडवत न्हाईत, हेच नवल हाय."

त्यामुळे पॅथॉलॉजी विभागाच्या वार्तापत्रात पहिल्याच पानावर त्यांचा फोटो छापायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त घाबरल्या त्या स्वतः बिल्किसताईच.

हे वार्तापत्र म्हणजे वर्षातून एकदा निघणारी आठ गुळगुळीत पानं. कुणाचा शोधनिबंध आला, कोण परिषदेला परदेशी जाऊन आलं, कुणाला सुवर्णपदक मिळालं, असं सगळं त्यात असायचं. माणसांपेक्षा शाली आणि श्रीफळंच जास्त दिसायची. बिल्किसताई अकरा वर्षं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत आल्या होत्या आणि अकरा वर्षांत लॅबमधल्या एकाही तंत्रज्ञाचं नाव त्यांना त्यात सापडलं नव्हतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती असं त्या म्हणायच्या. तक्रार नसती, तर इतक्या बारकाईनं वाचलं कशाला असतं?

यंदा मात्र वेगळं घडलं. देशभरातल्या लॅबकडून काचपट्ट्या मागवून त्यांची पारख करणारी एक संस्था आहे. तिनं या विभागाच्या काचपट्ट्या पहिल्या पाचांत बसवल्या. विभागप्रमुख डॉ. दिपाली मॅडम न्यायाच्या बाई. "काचपट्ट्या कुणी बनवल्या? बिल्किसनं. मग फोटो माझा कशाला?" असं बैठकीत म्हणाल्या आणि शनिवारच्या वार्षिक समारंभात बिल्किसताईंचा सत्कारही ठरवून टाकला.

बिल्किसताईंचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा. ती वडी यंत्रावर लावून तिचे केसाहून कितीतरी पातळ काप काढायचे. ते काप कोमट पाण्यावर अलगद सोडायचे, म्हणजे पडलेल्या चुण्या मोडतात, आणि खालून काच घालून उचलायचे. पुढे ती काच रंगवून डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि माणसाचं नशीब सांगतात. यात एक नियम होता. एका रोग्याचं काम झालं की पाण्यावरून टिपकागदाची पट्टी फिरवायची आणि मगच दुसऱ्याची वडी घ्यायची. एकाचा कण दुसऱ्याच्या काचेवर जाता कामा नये. बिल्किसताईंची ही पट्टी अकरा वर्षांत चुकली नव्हती. नवे डॉक्टर हसायचे, "ताई, पाणी चकाचक आहे की!" त्या म्हणायच्या, "तुम्हाला दिसतंय तसं."

ही सवय त्यांना चाकणनं लावली होती. डिप्लोमा करण्याआधी पाच वर्षं त्या गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या एका कंपनीत होत्या. तिथं प्रत्येक टेबलाच्या वर एक लाल दोरी लोंबायची. चूक दिसली की दोरी ओढायची, सगळी लाइन थांबायची, दिवा लागायचा. थांबलेल्या लाइनवर साठ माणसं आपल्याकडे बघतात, तेव्हा जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटतं. रंगराव सुपरवायझर मात्र म्हणायचे, "चूक कुणाची, ते मी विचारणारच नाही. दोरी ओढली का, तेवढंच विचारणार."

तर मंगळवारी, ऐन कामाच्या मध्यात, डॉ. अजिंक्य मोबाइल घेऊन आला. अजिंक्य विभागातला शिकाऊ डॉक्टर, हुशार आणि भारी उत्साही. "ताई, अशाच राहा. काच हातात धरा. थोडं हसा. नाही, एवढं नको!" ताईंच्या हातात चारशे बारा नंबरची काच होती. एक फोटो, दुसरा फोटो, ओढणी नीट करा, तिसरा फोटो. लॅबमधले सगळे गोळा झाले. कुणीतरी चहा मागवला. हसण्याखिदळण्यात दहा मिनिटं गेली आणि मग ताईंनी चारशे तेराची वडी घेतली.

गुरुवारी अजिंक्य नाचतच आला. "ताई, चारशे तेरा! स्तनातली गाठ, सगळी साधी वाटत होती. पण कडेला एवढासा तुकडा, तीळभर, त्यात कॅन्सर. कुणाच्याही नजरेतून सुटला असता. मी पकडला! मॅडमनीही सही केली." ताईंनी त्याची पाठ थोपटली. दत्तोबा रिपोर्ट घेऊन सर्जरीत गेला आणि पडेल तोंडानं परत आला. "आमच्या कुरुळीची सुमनताई हाय ती. कंपनीच्या पोरांची खानावळ चालवती. सोमवारी छाती काढून टाकायचं ठरलंय म्हणं."

ताई हळहळल्या आणि पुढच्या वडीला लागल्या. जग असंच चालतं.

शुक्रवारी संध्याकाळी देहूरोडच्या घरी चहा चालला होता. नवरा अनिस गॅरेजमधून नुकताच आलेला, हाताचं ऑइल अजून निघायचं होतं. वार्तापत्राचं पहिलं पान ताईंच्या मोबाइलवर आलं आणि उझ्मानं, त्यांच्या लेकीनं, तो हिसकावूनच घेतला.

"अब्बा, चमत्कार! अम्मीचे डोळे उघडे आहेत!"

अनिसनं चष्मा लावला. उझ्मा दोन बोटांनी फोटो मोठा करून दाखवू लागली. हे बघा डोळे, ही बघा अम्मीची बांगडी, हा काचेवरचा नंबर पण वाचता येतोय. बिल्किसताई लाजत लाजत वाकल्या. त्यांची नजर बांगडीवरून खाली पाण्यावर गेली आणि तिथंच राहिली.

पाण्यावर एक पांढुरका कण तरंगत होता. तीळभर.

"आणखी मोठं कर," त्या म्हणाल्या. आवाज इतका बदलला होता की उझ्मानं वर बघितलं.

टिपकागदाची पट्टी फिरवल्याचं त्यांना आठवेना. फोटो आठवला, चहा आठवला, ओढणी आठवली. पट्टी काही केल्या आठवेना. चारशे बारा ही खरोखरीच कॅन्सर झालेल्या बाईची काच होती. तिचा सुटलेला कण पाण्यावर राहिला आणि चारशे तेराचा काप उचलताना त्याच्यासोबत काचेवर आला. अजिंक्यनं पकडला तो हाच! सुमनताईच्या अंगात तो कधी नव्हताच.

अनिसला सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग तो हळूच म्हणाला, "ऑपरेशन सोमवारी आहे ना? उद्याचा सत्कार होऊ दे. दुपारी मॅडमना गाठ आणि सांग. कुणाचं नुकसान नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

माणूस वाईट नव्हता. अकरा वर्षं बायकोला पहाटेची बस गाठताना त्यानंच पाहिलं होतं, आणि तिच्या खांद्यावर एकदा शाल पडावी असं त्यालाच सगळ्यात जास्त वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याचा हिशेबही बरोबर होता. शनिवार दुपार आणि सोमवार यांच्यात भरपूर वेळ होता. बिल्किसताईंना तो पटलासुद्धा, अगदी चहाचा कप धुऊन होईपर्यंत.

मग त्या म्हणाल्या, "ती बाई आज जेवली असेल का रे?"

ताईंनी मॅडमना फोन लावला. एकदा, दोनदा, पाच वेळा. मॅडम पाहुण्यांच्या गडबडीत होत्या, फोन उचललाच गेला नाही. ताईंनी निरोप लिहिला: "चारशे तेरा चुकलंय. चूक माझी आहे. सकाळी सातला लॅबमध्ये आहे."

सकाळी दत्तोबा कुलूप काढतो तर ताई पायरीवर हजर. सत्कारासाठी घेतलेली मोरपंखी साडी अंगावर, चेहरा रात्रभर न झोपलेला. त्यांनी नोंदवही काढली, चारशे बारा आणि चारशे तेराच्या वड्या काढल्या, आणि पुढे काही न करता टेबलावर मांडून ठेवल्या. गुपचूप नवी काच करून जुनीच्या जागी सरकवणं त्यांना सहज जमलं असतं. तसं करायचं नाही, एवढं त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं.

मॅडम पावणेआठला आल्या. रेशमी साडी, केसांत गजरा, मागे अजिंक्य. ताईंनी मोबाइलवरचा फोटो मोठा करून पुढे धरला आणि जे झालं ते सांगितलं, एका दमात, कुणावर खापर न फोडता. फोटोसाठी अजिंक्य आला होता हेसुद्धा त्या बोलल्या नाहीत. पण फोटो काढणाऱ्याला ते माहीत होतंच. त्याचा चेहरा उतरला.

"आज?" मॅडम म्हणाल्या. "अकराला पाहुणे येताहेत, बिल्किस." मग त्यांनी जुनी काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. "तुकडा कडेला आहे. सुटा आहे, कशालाच जोडलेला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. माझ्या डोक्यात कार्यक्रमपत्रिका होती." त्यांनी साडीवरच पांढरा कोट चढवला. "काप नवीन. खोलवर, शेवटपर्यंत."

ताई यंत्रापाशी बसल्या. थरथरत्या हातानं केसाहून पातळ काप निघत नाही, म्हणून त्या क्षणभर थांबल्या, पदर खोचला, बिस्मिल्ला म्हटलं आणि चाक फिरवलं. मेणाची फीत सुटू लागली. प्रत्येक वेळी पाण्यावरून टिपकागद फिरला, गरज असो वा नसो. त्यानंतर रंग चढवायला तासाच्या आसपास लागतो, आणि तो तास कुणी घाई केली म्हणून लवकर सरत नाही. मॅडमनी सर्जनना फोन करून ऑपरेशन थोपवलं. अजिंक्य खिडकीशी उभा होता, त्याला काय करावं कळत नव्हतं.

अकरा वाजले तरी विभागप्रमुखांचा पत्ता नाही म्हणून सभागृहातून बोलावणी सुरू झाली. "सांग जा, येतो म्हणावं," असं म्हणून मॅडमनी दत्तोबाला पिटाळलं.

चौदा काचा. मॅडमनी एकेक बघितली, मग अजिंक्यला बघायला लावली, मग परत स्वतः बघितली. "साधी गाठ," त्या म्हणाल्या. "कुठंही काही नाही. एकाही काचेत नाही." आणि त्या करारी बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. बिल्किसताई स्टुलावर बसूनच राहिल्या. त्यांना रडूही येत नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि खांद्यावर शाल, हातात नारळ अशा थाटात दत्तोबा आत आला. निरोप सांगायला तो स्टेजच्या कडेला गेला, तेवढ्यात सत्कारमूर्तींचं नाव पुकारलं गेलं, आणि पाहुण्यांनी "त्यांच्या वतीनं तुम्हीच घ्या" म्हणून त्यालाच पुढे ओढलं. "मी न्हाई म्हणत हुतो ताई," तो कळवळून म्हणाला, "पर त्यांनी ऐकलंच न्हाई. फोटूबी काढला." मग मात्र ताई हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

सभागृहात तोवर वार्तापत्राच्या तीनशे प्रती वाटून झाल्या होत्या. पहिल्या पानावर बिल्किसताई, हातात काच, पाण्यावर तो कण. तीनशेंपैकी एकालाही दिसला नाही. ताईंनी एक प्रत घेतली, लाल पेनानं त्या कणाभोवती गोल काढला आणि पान पाण्याच्या भांड्याच्या वरच्या भिंतीला चिकटवलं. मॅडमनी ते बघितलं आणि राहू दिलं.

सुमनताई चारच्या सुमाराला आली. सर्जननी तिला सगळं समजावलं होतं. लॅबमध्ये चूक झाली, गाठ साधी आहे. पण बिल्किसताईंनी मॅडमना विचारून तिला वर बोलावलं. हे त्यांना कुणी करायला सांगितलं नव्हतं. पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत बाई, कपाळावर कुंकू नाही, हातात पिशवी. दत्तोबानं तिला स्टूल दिलं.

"चूक माझ्या हातची आहे," ताई म्हणाल्या. "फोटोच्या गडबडीत पाणी टिपायचं राहिलं. दुसऱ्या कुणाची चूक नाही. तुमच्यासमोर सांगायची होती."

सुमनताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे, लाल गोलाकडे.

"दोन दिस मी मेल्यागत हुते," ती म्हणाली. "पोरांना सांगितलं, उद्यापासनं दुसरीकडं जेवा. लेकीला पाटल्या काढून दिल्या. रातभर छातीवर हात ठिवून पडले, म्हणलं, आता काय ऱ्हायलंय हिचं." तिचा आवाज चढला, आणि तो चढायलाच हवा होता. "तुमच्या एका फोटूपायी!"

ताईंनी मान खाली घातली. अजिंक्य पुढे यायला निघाला, मॅडमनी त्याला डोळ्यांनी थांबवलं. सुमनताईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. रागानं आलेला श्वास हळूहळू खाली बसला.

"एक सांगू का बाई?" ती म्हणाली. "तुमी गप बसला असता, तर सोमवारी मी कापून घेतलं असतं. बरी झाले म्हणून पेढं घिऊन आले असते. तुमचं समद्यांचं पाय धरलं असतं, अन् जल्मभर म्हणत ऱ्हायले असते, ह्यांनीच मला वाचिवलं."