डावा पाय

माजिवड्याच्या एका इस्पितळात माझं कमरेचं ऑपरेशन व्हायचं होतं. रक्तातली साखर खाली येईपर्यंत मला थांबवून ठेवलेलं. शेजारच्या खाटेवर खाडीकाठच्या गावातली साठीची एक कोळीण होती. तिचं तेच ऑपरेशन त्या दिवशी सकाळी झालेलं. छाती कमजोर म्हणून पूर्ण भूल न देता, पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर केला होता.

"वीस वर्सांत पयल्यांदा कंबर गप बसली, बाय," ती मला म्हणाली.

दुपारपर्यंत पायांत जाण येईल, असं डॉक्टर सांगून गेले होते. मासा ताजा आहे का बघावं तशी ती सारखी अंगठ्याने मांडी दाबून बघायची. दुपारी उजव्या पायाची बोटं हलली. डावा पाय तसाच पडून राहिला. चार वाजता डॉक्टरांनी त्या तळपायाला सुई टोचली. तिला कळलंच नाही. आत रक्त साकळलं असावं, म्हणून तिला पुन्हा ऑपरेशनला न्यायची धावपळ झाली.

स्ट्रेचरवर घेताना तिने माझा हात धरला.

"दुखूंदे गो बाय, कितीपन दुखूंदे. पन माजा पाय मना परत येऊंदे."

तो आला नाही. चौथ्या दिवशी मुलगा तिला चाकाच्या खुर्चीतून घरी घेऊन गेला. लोंबणारा पाय तिने दोन्ही हातांनी उचलून खुर्चीच्या पट्टीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझं ऑपरेशन झालं, तसंच पाठीत इंजेक्शन देऊन. संध्याकाळी दोन्ही पायांत कळ आली. सिस्टर दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेऊन आली.

मी म्हटलं, "जरा थांबा, सिस्टर."