आमचे व्याही आणि चार चाकांची हवा

आमच्या व्याह्यांचा देवावर विश्वास आहे, बायकोवर आहे, सरकारवरसुद्धा थोडाफार आहे. पण दुसऱ्याने भरलेल्या हवेवर मात्र या जन्मी बसायचा नाही. मूळचे साताऱ्याकडचे. पंचवीसेक वर्षांपासून नावड्यात राहतात, स्वतःची पिकअप स्वतः चालवतात आणि तळोज्याच्या कारखान्यांतून मिळेल ते भाडं मारतात. त्या पिकअपच्या टायरांत किती हवा असावी, या एका प्रश्नावर त्यांनी जेवढं चिंतन केलंय तेवढं मी एकतीस वर्षांच्या नोकरीत कशावरच केलं नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला कंपनीने हवेचा तक्ता चिकटवलेला आहे. आमचे जावई शिकलेले, त्यांनी एकदा वडिलांना तो मोठ्याने वाचून दाखवला. व्याह्यांनी मान खाली घालून सगळा ऐकला आणि म्हणाले, "कंपनीनं गाडी बघितलीया. नावडे फाटा बघितलाय का?"

माझी एकुलती एक लेक मी त्यांच्या घरी दिली. लग्नाची बोलणी करायला ही मंडळी पहिल्यांदा सानपाड्याला आमच्याकडे आली, तेव्हा सगळे वर आले आणि व्याही मात्र वीस मिनिटं गायब. चहा निवला, पोहे निवले, माझी बायको तिसऱ्यांदा दाराशी जाऊन आली. मी खाली जाऊन पाहतो तर हे गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात माझ्या स्कूटरपाशी उकिडवे बसलेले, आणि पायाखाली पिकअपमधून काढलेला पंप. "मागची हवा लई कमी हाय, पावणं. वहिनींना घेऊन फिरता न्हवं?" मुलीआधी त्यांनी माझी स्कूटर पाहिली याचा मला तेव्हा चांगलाच राग आला होता. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात या सोयरिकीबद्दल आधीच थोडी अढी होती. मी ऑफिसातला माणूस, आणि ते सीटखाली पंप ठेवणारे.

हवा ठरवायची तर वजन कळायला हवं, म्हणून त्यांना प्रत्येक गोष्टीचं वजन विचारायची खोड आहे. रुखवताचं सामान न्यायला आले तेव्हा कपाटाला हात लावून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "साड्यांसकट हाय का मोकळं?" शिवाय नुसत्या वजनावर भागत नाही, मालाचा स्वभावही बघावा लागतो. लोखंडी सळ्या असतील तर मागच्या चाकांत साठ पौंड हवा. तेवढ्याच वजनाचे टोमॅटो असतील तर पाच कमी, आणि गाडी सावकाश. खेप खाली केली की रस्त्याच्या कडेला थांबून पुन्हा हवा काढायची, कारण भरलेल्या हवेवर रिकामी गाडी चेंडूसारखी उडते. दुसऱ्या दिवशी माल आला की पुन्हा भरायची. नावड्याचा पंक्चरवाला त्यांना लांबून येताना पाहूनच पाइप उलगडून ठेवतो, आणि त्याने हवा भरली की व्याही खिशातून स्वतःचं मीटर काढून त्याच्या देखत तपासतात. तो बिचारा आताशा रागावतही नाही.

लग्नानंतर देवदर्शनाला म्हणून दोन्ही घरची माणसं पिकअपमधून त्यांच्या साताऱ्याकडच्या गावी निघालो. घाटाखाली व्याह्यांना मागचं डावं चाक बसल्यासारखं वाटलं. पंप समोरच होता. पण टायर तापलेला असताना हवा मोजायची नाही हा त्यांचा नेम. तो गार होईपर्यंत आम्ही चौदा माणसं, त्यात हळदीच्या अंगाचे नवरानवरी, एका टपरीवर दोन तास बसलो. तीन वेळा चहा झाला. "तापल्याला काय विचारू न्हाई. टायर असू दे, न्हाईतर घरातलं माणूस," असं म्हणून त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई म्हणाल्या, "मला इचारलंय कवा, गार असताना तरी?" त्या दिवशी मी त्या घरात पहिल्यांदा मोकळेपणाने हसलो.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी लेकीला दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात ते गेलं. त्याबद्दल दोन्ही घरांत कोणी फारसं बोललं नाही. नंतर पुन्हा दिवस राहिले तेव्हा सगळेच आवाज न करता चालायला लागलो. सातवा लागला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माहेरी जायचं तर आत्ताच एकदा जाऊ दे, फक्त धक्के बसता कामा नयेत. मी लगेच व्याह्यांना फोन करून सांगितलं, चांगली मोठी मऊ सीटची गाडी ठरवतो आणि घ्यायला येतो. पलीकडून उत्तर आलं, "गाडी कशाला? मीच आणतो की." मी फोन ठेवला आणि बायकोवर ओरडलो, "माझी मुलगी म्हणजे काय सिमेंटची गोणी आहे?" आणि ठरलेल्या दिवशी त्यांना काहीएक न कळवता मी भाड्याची गाडी घेऊन सकाळी सातला नावड्यात हजर झालो.

पिकअप दारात उभी होती. धुतलेली, सीटवर दुहेरी गोधडी. हौद्यात पाहिलं तर दहा पोती भरलेली. माझा पारा चढला. मुलीला न्यायच्या दिवशीही या माणसाला भाडं सुटत नाही! तेवढ्यात विहीणबाई बाहेर आल्या. "भाऊ, वाळू हाय ती. ओली. गाडी उडू नये म्हणून." आणि मग त्यांनी सगळंच सांगितलं. आठ दिवस व्याही रोज सकाळी त्यांना शेजारी बसवून, हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या देऊन, नावड्याहून सानपाड्याला आणून परत नेत होते. पहिल्या दिवशी सहा पोती वाळू आणि मागे पन्नास हवा. कळंबोलीपर्यंत त्यांचं अर्धं लुगडं भिजलं. मग एक पोतं वाढव, तीन हवा काढ, पुन्हा तांब्या भर. "कालच्याला एक थेंब सांडला न्हाई. दहा पोती आन् अडतीस हवा. पर भाऊ, आठ दिस तुमच्या घराखाली येऊन माघारी फिरलो, एक दिस वर चहाला नेतील तर शपथ. म्हणत्यात, आत्ता टायर तापलंय, गार झालं की हिशेब बदलतोय, लगेच निघू."

मी भाड्याच्या गाडीकडे पाहिलं, पिकअपकडे पाहिलं. लेक आतून हळूहळू चालत आली आणि काहीही न विचारता म्हणाली, "बाबा, मी अण्णांबरोबर येते हां." अण्णा म्हणजे तिचे सासरे.

ते मागच्या चाकाशी बसून शेवटचं मीटर लावत होते. मी जवळ जाऊन बसलो. माझे गुडघे वाजले. राग गेला होता, पण काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "व्याही, जरा अतीच करता तुम्ही." ते मीटरवरून नजर न काढता म्हणाले, "त्या दिवशी फरशी खाली करून आलो होतो. मागं साठ हवा. पोरगी म्हणाली, पोटात दुखतंय. तशीच गाडीत घातली न् पळवली दवाखान्यात. हवा काढायला पाच मिनिटं लागली असती. न्हाई काढली."

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. मी म्हणालो, अहो, डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, ते आधीच सुरू झालं होतं, गाडीचा काही संबंध नाही.

"डॉक्टरला टायरचं काय कळतंय, पावणं?"

मी त्यांच्या हातातून व्हॉल्व्हचं टोपण घेतलं आणि जमेल तसं बसवलं. त्यांनी ते पुन्हा काढून नीट बसवलं.

निघालो. पुढे पिकअप, मागे माझी रिकामी मोठी गाडी. प्रत्येक खड्ड्यात मी छताला डोकं आपटत होतो आणि समोर ती पांढरी पिकअप वरातीतल्या घोड्यासारखी डुलत चालली होती. मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. व्याह्यांनी कोणाला दाद दिली नाही. सानपाड्याला पोचलो तेव्हा लेक विहीणबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली होती. तीन महिन्यांनी नात झाली. साडेतीन किलो, वजन विचारणारा पहिला फोन कुणाचा होता ते सांगायला नको.

आता नात दोन वर्षांची होईल. घरात सगळे त्यांच्या हवेची थट्टा करतात, मीही करतो, तेही हसतात. परवा माहेरी आली असताना लेक आपण होऊन त्या जुन्या दिवसाबद्दल बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. म्हणाली, "बाबा, मला त्या दिवशीचा रस्ता आठवतच नाही. धक्का बसल्याचं तर अजिबात नाही. अण्णा सारखे 'आलंच पोरी, आलंच' म्हणत होते, तेवढं आठवतं."

रविवारी नावड्याला गेलो तेव्हा व्याही एकटे सापडले, म्हणून मी त्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते ओट्यावर बसले होते. टॉवेलने मान पुसली आणि म्हणाले, "पोर गुणाची हाय. ती तसंच म्हणणार की."

आतून नातीचा आणि विहीणबाईंचा वाद ऐकू येत होता. मी उठायला लागलो तसा त्यांनी माझा हात धरला.

"पावणं," ते म्हणाले, "जरा परत सांगा, काय म्हणाली?"

मी पुन्हा बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं.